कापलेला कातळ, वाकलेले छप्पर

कोणती मोटार घ्यावी, हा प्रश्न साहित्य आणि समीक्षा यांना वाहिलेल्या पानांवर यावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु कादंबरी, नाटक आणि कविता यांच्याखेरीज इतर गोष्टीही 'वाचता' येतात, हे आपण वर्गात वारंवार सांगत असतो. जाहिरात, पोशाख, लग्नपत्रिका, घराच्या फाटकावरची पाटी या साऱ्या संहिताच आहेत, असे विद्यार्थ्यांना पटवण्यात आपले निम्मे सत्र जाते. मग मध्यमवर्गीय मराठी कुटुंब घराच्या खालोखाल ज्या वस्तूवर सर्वाधिक पैसा खर्च करते, ती वस्तू वाचायची वेळ आली की आपण ते काम मोटारींच्या मासिकांवर का सोडून देतो? प्रस्तुत लेख हा त्या दिशेने केलेला एक छोटा प्रयत्न आहे. त्यात मत आहे, आणि शेवटी स्पष्ट निवडही आहे. निवड टाळून केवळ विवेचन करणे ही आपल्या क्षेत्रातली जुनी खोड आहे, ती येथे शक्यतो बाजूला ठेवली आहे.

निमित्त साधे आहे. लोणावळ्यात भुशीच्या बाजूला राहणारे माझे एक सहकारी प्राध्यापक काही काळ दोन गाड्यांमध्ये अडकून पडले होते. एक टाटांची 'कर्व्ह', दुसरी सिट्रोएनची 'बसाल्ट'. दोन्ही २०२४ साली, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने बाजारात आल्या. कर्व्हची विजेवर चालणारी आवृत्ती ७ ऑगस्टला, बसाल्ट ९ ऑगस्टला, आणि कर्व्हच्या पेट्रोल व डिझेल आवृत्त्या २ सप्टेंबरला. दोन्ही स्वतःला 'कूपे एसयूव्ही' म्हणवतात. म्हणजे उंच, दणकट अंगाची, चार दरवाजांची गाडी. पण तिचे छप्पर मागे सपाट न जाता एखाद्या शर्यतीच्या मोटारीसारखे उतरत उतरत शेपटाशी मिळते. सरांनी वहीत दोन रकाने आखून तीस-पस्तीस मुद्दे मांडले होते. वही पाहिल्यावर माझ्या मनात आले की या रकान्यांत सर्व काही आहे. फक्त या दोन गाड्यांना एकमेकींच्या समोर उभे करणारी जी गोष्ट, तो उतार, त्याच्याबद्दल एक ओळही नाही. तो गृहीत धरलेला आहे. आणि जे गृहीत धरले जाते तेच वाचायचे असते, हे समीक्षेचे पहिले पाठांतर.

प्रथम शब्द पाहू. 'कूपे' हा शब्द मराठीला नवा नाही. तो आपल्याकडे आला रेल्वेतून. पहिल्या वर्गाच्या डब्यात चार शायिकांची खोली असे, आणि एका टोकाला दोघांपुरती छोटी खोली असे, तिला कूपे म्हणत. आजही वातानुकूलित पहिल्या वर्गात तो शब्द टिकून आहे. नवविवाहित जोडपी, बडे अधिकारी आणि एकांतप्रिय श्रीमंत यांच्याशी या शब्दाचे साहचर्य जुळले. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ मात्र नुसता 'कापणे' असा आहे. अठराव्या शतकात समोरासमोर आसने असलेल्या घोडागाडीचा पुढचा भाग कापून टाकला, उलट्या तोंडाने बसणाऱ्यांची आसने गेली, आणि उरली दोघांची गाडी, ती कूपे. मोटारी आल्या तेव्हा दोन दरवाजांच्या, आखूड, उतरत्या छपराच्या गाडीला तेच नाव मिळाले. थोडक्यात, कूपे या शब्दाच्या पोटात एक वजाबाकी आहे. कोणाची तरी जागा कापल्याखेरीज कूपे होत नाही. घोडागाडीत ती जागा उलट बसणाऱ्यांची होती, रेल्वेत दुसऱ्या दोन प्रवाशांची होती. मोटारीत ती मागे बसणाऱ्यांची आहे.

अमेरिकेत फोर्ड मस्टँग (१९६४) आणि तिला उत्तर म्हणून दोन वर्षांनी आलेली शेव्हरोले कॅमेरो यांच्यातली स्पर्धा दोन पिढ्यांनी चवीने चघळली. त्या गाड्यांत मागचे आसन नावापुरते होते, आणि ते कोणी लपवतही नव्हते. घेणारा तरुण होता, एकटा होता किंवा दुकटा होता. वजाबाकी कबूल होती. आपल्याकडे अशी गाडी घेणारा वर्ग कधी मोठा झाला नाही. दिलीप छाब्रिया यांची दोन दरवाजांची 'अवंती' २०१२च्या ऑटो एक्स्पोमध्ये झळकली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिचे छायाचित्र कौतुकाने छापले; पण आईवडील, दोन मुले आणि गावाकडून येणारी तांदळाची गोणी यांना त्या छायाचित्रात जागा नव्हती. मग २००८च्या सुमारास एका जर्मन कंपनीने उंच गाडीला उतरते छप्पर जोडण्याचा घाट घातला, इतरांनी तो गिरवला, आणि पंधरा-सोळा वर्षांनी तो प्रकार दहा-पंधरा लाखांच्या टप्प्यात आपल्या दाराशी पोहोचला. आता वजाबाकी कबूल करायची गरज उरली नाही. दरवाजे चार आहेत, आसने पाच आहेत, सामानाची जागाही भरपूर आहे: कर्व्हची ५०० लिटर, बसाल्टची ४७०. कापले आहे, पण कापल्यासारखे दिसत नाही. किंबहुना कापल्यासारखे दिसते, पण काय कापले ते दिसत नाही.

आपल्या अलंकारशास्त्रात याला नेमके नाव आहे. उपमेत 'सारखे' असते, रूपकात दोन वस्तू एक होतात, आणि उत्प्रेक्षेत 'जणू' असते. उभ्या गाडीचे छप्पर मागे असे उतरवायचे की ती जणू वाऱ्याला कापत निघाली आहे. फाटकाशी उभी आहे, पण जणू धावते आहे. ही पत्र्यात घडवलेली उत्प्रेक्षा आहे. 'स्पोर्टी' हे विशेषणही त्याच जातीचे. ते खेळाचे नाव घेते, पण खेळत कोणी नसते. दोन्ही गाड्यांच्या नावांत तर हे अधिकच उघड आहे. कर्व्ह म्हणजे वक्र रेषा. रोमन लिपीत शेवटचे अक्षर दोनदा लिहून त्या वक्रतेला आणखी एक वळसा दिला आहे. दहाव्या शतकातल्या कुंतकाने वक्रोक्ती हेच काव्याचे जीवित मानले. त्याचा असा वारसदार निघेल याची कल्पना त्याला नसावी. आणि बसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण, कातळ.

येथे मावळातल्या वाचकाने थोडे थांबावे. ज्या दगडाचे नाव एका फ्रेंच कंपनीने आपल्या गाडीला दिले, तो दगड या तालुक्यात पायाखाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. लोणावळ्याचे डोंगर, भुशीच्या धरणाखालची पाण्याने गुळगुळीत झालेली पायऱ्यांसारखी खडकाळ उतरण, सारे बेसाल्टच. आणि 'कापलेला कातळ' पाहायचा तर कार्ले, भाजे, बेडसे येथे तो दोन हजार वर्षांपासून उभा आहे. कार्ल्याचे चैत्यगृह देशातल्या सर्वांत मोठ्या चैत्यगृहांपैकी एक. त्याचे छत मागच्या बाजूला हत्तीच्या पाठीसारखे गोलाकार होत जाते. आपण त्याला गजपृष्ठाकृती म्हणतो. म्हणजे बसाल्ट आणि कर्व्ह, दोन्ही नावांची मूळ वस्तू एकाच डोंगरात आहे. योगायोगच, पण विचाराला उपयोगी पडणारा योगायोग.

कारण रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९५७च्या आपल्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात याच सिट्रोएन कंपनीच्या एका गाडीवर निबंध लिहिला आहे. ती गाडी १९५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आली होती. तिच्या नावाच्या दोन अक्षरांचा उच्चार फ्रेंचमध्ये 'देवी' या शब्दासारखा होतो, आणि बार्थने ते धागे पकडून मोटारीची तुलना मध्ययुगातल्या मोठ्या गॉथिक चर्चशी केली: अनामिक कारागिरांनी घडवलेली, आणि वापरण्याहून अधिक पाहण्याने साऱ्या समाजाने आपलीशी केलेली वस्तू. आमच्या अभ्यासक्रमांत बार्थ असतो, हा निबंधही कुठे कुठे असतो. पण तो शिकवताना चर्चऐवजी कार्ल्याचे चैत्यगृह ठेवून पाहावे, असे मला वाटते. कारण मग तुलना कुठे जुळते आणि कुठे तुटते ते अधिक स्पष्ट दिसते.

जुळते ते असे. कार्ल्याच्या छताला आतून लाकडी कमानी लावलेल्या आहेत. डोंगर पोखरून केलेल्या छताला त्या तोलत नाहीत. दगडाला आधाराची गरज नाही. लाकडी इमारतींची जुनी आठवण म्हणून त्या तेथे आहेत. म्हणजे निरुपयोगी वाटणारे, पूर्वीच्या रूपाची याद देणारे अलंकरण हे काही आजच्या बाजाराने शोधलेले पाप नव्हे. शिवाय तेथील एका शिलालेखात वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याने हे शैलगृह पूर्ण केल्याचे नोंदवताना ते जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचेही बजावले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे जाहिरातीचे वाक्यच म्हणायचे. कोकणातल्या बंदरांवरून बोरघाट चढून येणाऱ्या व्यापारी मार्गावर हे लेणे आहे. वाचणारे प्रवासी होते. तेव्हा 'सर्वोत्तम', 'अद्वितीय' या शब्दांवर आपण नाक मुरडण्याचे कारण नाही. घाटरस्त्याने ते शब्द फार पूर्वीपासून ऐकले आहेत.

तुटते ते असे. कार्ल्यात कोणी दाराचे दान दिले, कोणी खांबाचे. दात्यांत सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, सुतार आहे. आणि आत आलेल्या कोणाचेही डोके त्या वाकलेल्या छताला लागत नाही. वक्रतेची किंमत दगड फोडणाऱ्याने श्रमात आणि दात्याने द्रव्यात मोजली. पाहणाऱ्याला ती फुकट मिळाली. मोटारीच्या वाकलेल्या छपराची गोष्ट उलटी आहे. सौंदर्य बाहेरून दिसते, म्हणजे शेजाऱ्याला आणि रस्त्यावरच्या माणसाला. चालवणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर पूर्ण उंचीचे असते. ते उतरू लागते नेमके मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर, आणि मागची काचही त्याच हिशोबाने अरुंद होते. दाखवण्याचा मान एकाचा, वाकण्याची जबाबदारी दुसऱ्याची.

आता हा दुसरा कोण, ते मराठी घरात विचारायची गरज नाही. मागे आई बसते. वडील गुडघेदुखीचे असले तर पुढे, नाहीतर तेही मागे. मुले मागे. पाहुणे आले तर बायको मागे. आणि निवड कोण करतो? जो सुकाणू धरतो तो. मोटारींची परीक्षणे वाचा. ती जवळजवळ सगळी प्रथमपुरुषी आहेत आणि निवेदक नेहमी उजव्या बाजूच्या पुढच्या आसनावर बसलेला आहे. गिअर कसा पडतो, वळणावर गाडी कशी चिकटते, पाय दाबला की कशी उसळते, हे सारे त्याच्या देहाने घेतलेले अनुभव. मागच्या आसनाला एक परिच्छेद मिळतो, तोही बहुधा 'आमच्या सहा फुटी सहकाऱ्याला गुडघ्यापाशी पुरेशी जागा मिळाली' एवढाच. सत्तरीतल्या बाईला आत शिरताना मान किती वाकवावी लागते, साडीत पाय उचलून उंबरठा ओलांडताना हात कशाला धरायचा, घाटातल्या सलग वळणांवर मळमळत असताना बाहेरचे क्षितिज दिसते की नाही, यांवर मला तरी आजवर काही वाचल्याचे आठवत नाही. कथनशास्त्र शिकवणाऱ्यांनी याला दृष्टिकोनाची मर्यादा म्हणावे. घरात त्याला सरळ दुर्लक्ष म्हणतात.

ही तक्रार केवळ आरामाची असती तर मी एवढे लिहिले नसते. प्रश्न जिवाचाही आहे. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये भारत एनकॅप या सरकारी चाचणीत कर्व्हला पाच तारे मिळाले, बसाल्टला चार. सरांच्या वहीत हा मुद्दा लाल शाईने अधोरेखित होता, आणि ते योग्यच होते. पण या ताऱ्यांचेही वाचन करायला हवे. ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून अडथळ्यावर आदळण्याच्या चाचणीत प्रौढ माणसांचे पुतळे पुढच्या दोन आसनांवर असतात. मागे असतात ती दीड आणि तीन वर्षांच्या मुलांची बाहुली, खास बालासनात बांधलेली. मागे बसलेली प्रौढ व्यक्ती त्या चाचणीत नसते. म्हणजे विज्ञानाच्या या संहितेतही आई अनुपस्थित आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघरजवळ टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर काही आठवडे मागच्या पट्ट्याची चर्चा झाली, नियम पूर्वीपासूनच होता याची आठवण झाली, आणि मग सारे शांत झाले. आजही मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांना 'आई, पट्टा लाव' असे म्हणणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. पाच तारे विकत घेता येतात. ही एक सवय विकत घेता येत नाही.

आता रस्त्याकडे वळू, कारण गाडी ज्या रस्त्यावर धावायची त्यापासून तोडून वाचणे म्हणजे संदर्भ सोडून कविता वाचणे. उतरत्या छपराचा एक खराखुरा उपयोग आहे, तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि मागे सुबक उतरणारे अंग तो विरोध कमी करते. द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरने जाताना, विशेषतः विजेच्या गाडीत, त्याचा लाभ खरोखर मिळतो. पण हाच हिशोब उलट करून पाहा. ताशी २० किलोमीटर वेगाला तो विरोध शंभराच्या पंचविसाव्या हिश्शाएवढाच उरतो. आणि पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्याच्या बाजारातून भुशीकडे जाणाऱ्या पाच-सहा किलोमीटरच्या रस्त्यावर ताशी २० हा वेग स्वप्नवत असतो. मक्याची कणसे, भजी, भाड्याच्या छत्र्या आणि मुंबई-पुण्याच्या नंबरपाट्या यांच्या रांगेत ११० अश्वशक्तीची गाडी आणि १२५ अश्वशक्तीची गाडी एकाच चालीने सरकतात. पोलीस अनेकदा दुपारनंतर वाहने अडवतात, आणि दोन्ही स्पोर्टी गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहून, जणू धावताहेत अशा दिसत, माणसे मात्र चालत पुढे जातात.

भुशीचे धरण एकोणिसाव्या शतकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने आपल्या वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधले. घाट चढून दमलेल्या इंजिनांना पाणी पाजणारी ही जागा आज घाट चढून आलेल्या मोटारींना थांबवते. गतीचा मोह आणि पाण्याचा मोह येथे नेहमी एकत्र आले आहेत, आणि त्यांचे हिशोब कधी कधी भयंकर होतात. ३० जून २०२४ रोजी धरणामागच्या धबधब्यात पुण्याहून सहलीला आलेल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्या दुर्घटनेचा मोटारींशी थेट संबंध नाही, आणि मृतांचा उपयोग मी उपदेशासाठी करू इच्छित नाही. पण त्यानंतर काही आठवड्यांतच या दोन गाड्या बाजारात आल्या, आणि त्यांच्या वर्गातल्या सगळ्याच गाड्यांच्या जाहिरातींत नेहमीप्रमाणे ओला घाट, धुके, रिकामा रस्ता आणि पाणी उडवत जाणारी चाके होती. निसर्ग हा आपल्या पराक्रमासाठी मोकळा ठेवलेला पडदा आहे, असे सांगणारी ही चित्रभाषा निरुपद्रवी नाही. साहसाची जी भाषा आपण विकत घेतो, ती गाडीतून उतरल्यावरही आपल्याबरोबर पाण्यापर्यंत येते.

निवडीला आणखी एक बाजू आहे, जी मावळ तालुक्याला कोणी समजावून सांगायला नको. मोटार घेणे म्हणजे एका कंपनीशी दहा-बारा वर्षांचा संबंध जोडणे. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला. कॅमेरोची जन्मदाती शेव्हरोले येथे छोट्या गाड्या बनवत होती. २०१७च्या अखेरीस कंपनीने देशातली विक्री थांबवली, २०२०च्या डिसेंबरात तळेगावचे उत्पादनही थांबले, आणि हजाराहून अधिक कामगार न्यायासाठी झगडत राहिले. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला आणि २०२५ साली तेथे पुन्हा गाड्या तयार होऊ लागल्या. त्याआधी १९९०च्या दशकात प्रीमियर कंपनीच्या भागीदारीत कल्याणला प्युजो गाडी तयार होत असे. दशक सरण्याआधीच ते काम बंद पडले. प्युजो आणि सिट्रोएन आज एकाच समूहात आहेत. याउलट टाटांचे पिंपरी-चिंचवडशी नाते सहा दशकांचे आहे, आणि त्यांची दुरुस्तीकेंद्रे तालुक्याच्या गावीही सापडतात. मी कोणत्याही कंपनीच्या भवितव्याचे भाकीत करत नाही. मात्र घाटमाथ्यावर राहणाऱ्याने सुट्या भागासाठी किती दूर जावे लागेल याची चौकशी छपराच्या उताराआधी करावी, एवढे सांगण्याचा हक्क तळेगावच्या इतिहासाने आपल्याला दिला आहे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. हौसेला मोल नसते. आयुष्यभर काटकसर करणाऱ्या माणसाने एकदा देखणी गाडी घेतली तर तुमचे काय गेले? मोटार हे केवळ साधन, चार चाके आणि इंजिन, असे म्हणणारा कोरडा उपयुक्ततावाद मलाही मान्य नाही. तसे असते तर आपण कविता शिकवली नसती. ज्या पिढीने प्रीमियर पद्मिनी की अँबॅसडर एवढ्याच निवडीत, आणि वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षायादीत आयुष्य काढले, तिच्या मुलांना रेषेच्या सौंदर्याचा मोह पडणे स्वाभाविक आणि चांगलेही आहे. माझा विरोध सौंदर्याला नाही. सौंदर्याचे मोल कोण चुकवतो हे लपवण्याला आहे. कुंतकाची वक्रता अर्थाला उजळते म्हणून ती काव्य. अर्थाला अडचणीत टाकून केवळ उठून दिसते ती वक्रता आपण उत्तरपत्रिकेत कापतो. मोटारीच्या उताराला हीच कसोटी लावावी. पाचही माणसांना सामावून तो सुंदर दिसत असेल तर खुशाल घ्यावा. तीन माणसांना वाकवून दिसत असेल, तर तो अलंकार नव्हे, भार आहे.

ही कसोटी दोघींना लावून पाहू. बसाल्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर २,६५१ मिलिमीटर आहे, कर्व्हचे २,५६०. हे एक्क्याण्णव मिलिमीटर बहुतांशी मागच्या पायांच्या वाट्याला येतात. बसाल्टच्या वरच्या प्रकारांत मागच्या आसनावर मांड्यांखालचा आधार कमीजास्त करण्याची सोय आहे; म्हणजे आरेखन करणाऱ्यांपैकी कोणीतरी मागे बसून पाहिले होते. बाजारात आली तेव्हा तिची सुरुवातीची किंमत ७ लाख ९९ हजार होती, पेट्रोलवरच्या कर्व्हची ९ लाख ९९ हजार. दुसऱ्या बाजूला कर्व्हकडे पाचवा तारा आहे, डिझेल इंजिन आहे, विजेचा पर्याय आहे, जमिनीपासूनची अधिक उंची आहे आणि जवळचे दुरुस्तीकेंद्र आहे. दोघींतही सहा हवाई पिशव्या सर्व प्रकारांत आहेत.

तेव्हा माझे मत असे. ज्यांच्या मागच्या आसनावर लहान मुले आहेत आणि ज्यांचे आठवड्याचे दळणवळण द्रुतगती मार्गाने आहे, त्यांनी कर्व्ह घ्यावी. मुलांच्या सुरक्षिततेचे मोजमाप झालेले आहे आणि त्यात ती सरस ठरली आहे. ज्यांच्या मागे वृद्ध आईवडील बसतात, प्रवास बराचसा गावातल्या गावात आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुण्याच्या डॉक्टरांपर्यंत असतो, आणि ज्यांना सुट्या भागांसाठी थोडे थांबणे परवडते, त्यांनी बसाल्ट घ्यावी. तिने वजाबाकी निदान थोडी भरून काढली आहे. सर दुसऱ्या वर्गात मोडतात, म्हणून मी त्यांना बसाल्ट सुचवली. मात्र एक अट घातली: पैसे भरण्यापूर्वी दालनात आईंना न्यावे, त्यांना मागे बसवावे, पट्टा लावून द्यावा, अर्धा तास फिरवावे, आणि त्या स्वतःहून काही बोलेपर्यंत आपण गाडीबद्दल एक शब्दही बोलू नये. गाडी दोन्हींपैकी कोणती असावी याचा अंतिम निर्णय त्यांचा.

हे मत चुकीचेही असू शकेल, आणि ज्यांना कर्व्ह व बसाल्ट यांपेक्षा साध्या, सपाट छपराची तिसरीच गाडी बरी वाटते त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण एवढे खरे की आपल्या समीक्षेने गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत एक गोष्ट शिकवली: कथा कोण सांगतो आहे ते विचारा, आणि कोणाला बोलू दिलेले नाही तेही विचारा. दलित साहित्याने आणि स्त्रियांच्या आत्मकथनांनी हा प्रश्न पुस्तकांना विचारायला आपल्याला भाग पाडले. तोच प्रश्न घरातल्या खरेदीला विचारायला काही वेगळे शास्त्र लागत नाही. वहीतल्या दोन रकान्यांच्या शेजारी तिसरा रकाना आखावा, त्याला 'मागे बसणारे' असे शीर्षक द्यावे, आणि तो भरण्याचे काम त्यांच्यावरच सोपवावे.